सोडली नाही, सुटली

(धामणगाव बढे येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला माइकसमोर बोलायची सवय नाही. ताई म्हणाल्या, "तू फक्त तुझं सांग." म्हणून माझंच सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला ओळखता. सकाळच्या एसटीला डबा आणि पर्स घेऊन उभी असणारी, आणि काही महिन्यांनी पुन्हा ओट्यावर भाजी निवडत बसलेली दिसणारी ती मीच. तुम्ही विचारता, "काऊन वं, पुन्हा घरी बसली?" तुम्हांला दोष देत नाही. मीही स्वतःला तेच विचारत होते.

बारावी झाले, टायपिंग केलं, लग्नानंतर एमएस-सीआयटी केलं. घरची तीन एकर कोरडवाहू. कपाशी आणि सोयाबीन, दोन्ही पावसाच्या भरवशावर. मुलीची फी, सासऱ्यांचं औषध, याला रोख पैसा लागतो. म्हणून सोळा वर्षांत मी मोताळा, मलकापूर, बुलडाणा अशा सात ठिकाणी काम केलं. एकही टिकलं नाही. मग घरात बोलणं सुरू झालं, "हिचा पायगुणच तसा. जिथं जाते तिथं कुलूप लागते." आधी हसण्यावारी नेलं. मग हळूहळू मलाच ते खरं वाटायला लागलं. अर्ज करताना सातातल्या चार नोकऱ्या लिहायच्या मी सोडून दिल्या, चोरी लपवावी तशा.

मागच्या उन्हाळ्यात बुलडाण्याला मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कुठंच टिकत नाही. नोकऱ्या सोडायची सवय दिसते." मला उत्तर सुचलं नाही. येताना सगळा रस्ता एसटीच्या खिडकीकडे तोंड करून बसले.

त्या रात्री मुलीच्या जुन्या वहीत रेघा मारल्या आणि तीन रकाने केले. किती दिवस काम केलं? कशामुळे संपलं? हातात कागद कोणता राहिला?

पहिलं काम जिनिंगमधलं, कापसाच्या गाड्या लिहून घेण्याचं. हंगाम संपला, काम संपलं. दुसरं पतसंस्थेतलं. तिला खरंच कुलूप लागलं, पण कर्जं काही मी वाटली नव्हती. तिसरं खासगी शाळेतलं, कारकुनाचं. दर एप्रिलला कमी करत, जूनला बोलावत; चौथ्या जूनला बोलावणंच आलं नाही. चौथं दवाखान्याच्या काउंटरवरचं. सातवा महिना लागला तेव्हा म्हणाले, "बाळंतपण होऊ द्या, मग बघू." पाचवं कंत्राटदाराकडून सरकारी कार्यालयात संगणकावर बसायचं. कंत्राटदार बदलला, नव्यानं आपली माणसं आणली. सहावं कापडाच्या दुकानातलं. ते २०२० च्या टाळेबंदीत गेलं. सातवं गोदामातलं. तिथं मोजणीसाठी इतकं थांबवत की शेवटची एसटी जायची. ते मात्र मी सोडलं.

सातातलं एक सोडलं. सहा सुटली. सोडणं आणि सुटणं यात फरक आहे, बायांनो. सोडते ती मी. सुटते ती नोकरी, आणि ती सोडवणारा हात दुसऱ्याचा असतो. सोळा वर्षं मी त्या हाताचा दोष पायगुण म्हणून स्वतःच्या पायाला लावत होते.

पण तिसरा रकाना पाहून मला रडू आलं. तो जवळजवळ रिकामा होता. ना नेमणुकीचं पत्र, ना पगाराची चिठ्ठी.

ही वही घेऊन मी ताईंकडे गेले. तिथं वकीलबाईंनी जे समजावलं ते तुम्हांलाही सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं की, कामगारानं आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं असेल, तर कामावरून कमी करताना त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यातही हा २४० चा आकडा आहे. कंत्राटदार मला दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस घरी बसवायचा. मला वाटायचं, खंड पडला म्हणजे मागचं सगळं पुसलं. तसं नाही. वर्षात भरलेले दिवस मोजतात. माझे २४० च्या वर भरले होते, आणि मला माहीत नव्हतं.

पण दिवस भरले हे दाखवायचं कोणी? सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलं की ती जबाबदारी कामगाराची. नुसतं "मी काम केलं" म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून तिसरा रकाना महत्त्वाचा.

दवाखान्याचंही तसंच. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानुसार, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला पगारी रजा मिळत होती. गरोदरपणात कामावरून काढलं तरी तो हक्क बुडत नव्हता. आता हे कलम सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे, ८० दिवसांची अट तीच आहे. मी तिथं दहा महिने काम केलं होतं, आणि मालकाला नमस्कार करून घरी आले होते!

आणि पीएफ. जिथं कापला गेला तिथून नोकरी सुटताच मी तो काढून घेतला. गरज होती. पण वेगवेगळ्या मालकांकडची वर्षं एकाच खात्यात जोडत नेली आणि दहा भरली, तर पेन्शनचा हक्क मिळतो. तुकड्यातुकड्यांचंही गोधडीसारखं काही होऊ शकतं, पण तुकडे जपले तर.

माझी आई रोजगार हमीच्या कामावर जायची. १९७७ च्या कायद्यानं ते काम मिळायचं. आईला अक्षर येत नव्हतं. मस्टरवर अंगठा, पण कमरेला एक सुतळी. दर दिवसाला एक गाठ. पगाराच्या दिवशी मुकादमापुढं ती गाठी मोजायची. एक दिवस कमी लागला की हटायची नाही. मी बारावी शिकलेली, संगणक चालवणारी, आणि माझ्याजवळ गाठीसुद्धा नव्हत्या.

परवा पुन्हा एका मुलाखतीला गेले. या वेळी सातही नोकऱ्या लिहिल्या. तोच प्रश्न आला. म्हटलं, "साहेब, एक सोडली, सहा सुटल्या. प्रत्येकीचं कारण लिहून आणलंय." त्यांनी कागद वाचला. कळवतो म्हणाले. अजून कळवलं नाही. खोटी आशा दाखवत नाही, नोकरी अजून लागलेली नाही. पण त्या दिवशी येताना मी खिडकीकडे तोंड करून बसले नाही. शेजारणीशी बोलत आले.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एक वही काढा. जिनिंगला जाता, शाळेत खिचडी शिजवता, दुकानात उभ्या राहता, जे असेल ते. तारीख लिहा, मजुरी लिहा, सोबत कोण होतं ते लिहा. चिठ्ठी मागा, देत नसतील तर दोघी-तिघी मिळून मागा. लिहिता येत नसेल तर सुतळी घ्या. आणि उद्या कोणी विचारलं, "काऊन वं, घरी बसली?" तर सांगा, "बसली नाही, बसवली. दिवस मोजून ठेवले आहेत."