पन्हळी साफ करा, पण जपून



आपल्या आटपाडीकडे पाऊस थोडा. मग पन्हळीची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपला वळीव आणि परतीचा पाऊस येतो तो एकदम. एखादी मोठी सर तुंबलेल्या पन्हळीत अडली, की पाणी धाब्यात मुरते, भिंतीत उतरते आणि मातीची भिंत फुगून ढासळते.

थंडी सरली की कडुनिंबाची पानगळ होते. ती संपू द्यावी आणि पाडव्याच्या सुमारास, वळवाच्या आत, पन्हळ साफ करावी. काम सकाळीच उरकावे. दुपारी पत्रा भाजतो.

एकटीने मात्र कधी चढू नये. शिडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. चार हात उंचीला तिचे पाय भिंतीपासून एक हात दूर असावेत. दुसरीने शिडी धरावी. पदर खोचावा, घमेले दोरीने खाली सोडावे. विजेच्या तारेजवळ लोखंडी शिडी नेऊच नये. पाल्यात हात घालण्याआधी तो काठीने चाळवावा; तिथे विंचू दडलेला असतो. चावलाच, तर उतारा-मंत्रात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. शेवटी कळशीभर पाणी ओतून वाट मोकळी झाल्याची खात्री करावी.

चक्कर येत असेल, दिवस गेले असतील, तर घरातल्या पुरुषांना बिनसंकोच हाक मारा. हे काम घराचे आहे, एकट्या बाईचे नव्हे.