जीवकाची विद्या आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. गिरणीत साचे चालवलेला माणूस. जे वाचलं ते पाळीवरून आल्यावर, चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली. तरी आज आयुर्वेदावर बोलतो आहे, कारण आपल्यात दोन टोकं झाली आहेत. कोणी म्हणतं, हे ब्राह्मणांचं शास्त्र, आपल्याला नको. कोणी म्हणतं, झाडपाल्याचं आहे, अपाय होणारच नाही. दोघंही चुकतात.

विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचा स्वतंत्र खंधक आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं घ्यायला परवानगी दिली. पुढे हळद, आलं, वेखंड, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा अशी यादीच आहे. आपल्या आज्या बाळगुटीला जे उगाळायच्या त्यातलंच हे!

त्याच ग्रंथात जीवक भेटतो. राजगृहाच्या सालवती गणिकेचा मुलगा, जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर टाकलेला. राजपुत्र अभयाने त्याला वाढवलं. तक्षशिलेला सात वर्षं शिकला. गुरूंनी परीक्षा घेतली : गावाभोवती योजनभर फिर आणि औषधाच्या कामी येत नाही असं काही आण. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि पास झाला. पुढे तोच बिंबिसार राजाचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य. उकिरड्यावरचं पोर, बंधूंनो!

उलट मनुस्मृती सांगते, वैद्याच्या घरचं अन्न खाऊ नये, श्राद्धाला त्याला बोलावू नये. रोग्याला शिवणाऱ्याचाही विटाळ! भगवंतांनी मात्र अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतलं. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्याही उपचाराची सोय कोरून ठेवली. अहो, खुद्द चरकसंहिता म्हणते की वनस्पतींची नावं आणि रूपं गुराखी, मेंढपाळ आणि रानातली माणसं ओळखतात. मग ही विद्या एकट्या कुणाची कशी?

आता दुसरं टोक. माझ्या शेजारच्या साच्यावर एक सोबती होता. त्याला टीबी झाला. म्युनिसिपालिटीच्या गोळ्या फुकट होत्या, दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं. तेवढ्यात कुणी बिनलेबलाची पुडी दिली, गोळ्यांनी उष्णता होते म्हणाला. याने गोळ्या सोडल्या. वर्षाच्या आत गेला. त्याची बायको आज या सभेत बसली आहे, तिला विचारूनच सांगतो आहे.

लोक तिकडे का वळतात तेही समजून घ्या. दवाखान्यात तीन तास रांग आणि दोन मिनिटं तपासणी. वैद्य झोप विचारतो, भूक विचारतो. माणसाला बरं वाटतं. २०१४ पासून केंद्रात आयुष मंत्रालयही आहे. पण २००४ साली अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि आपल्या सर्पगंधेतून १९५२ साली रिसर्पिन वेगळं काढलं, ते रक्तदाबावर जगभर वापरलं गेलं. दोन्ही गोष्टी तपासल्यामुळेच कळल्या.

आल्याचा काढा घ्या, हळदीचं दूध घ्या. पण डायबेटिसची, टीबीची गोळी पुडीसाठी सोडू नका, आणि पुडी घेत असाल तर डॉक्टरपासून लपवू नका. कोणाच्या घरी टीबीच्या गोळ्या चालू असतील तर सभेनंतर मला भेटा. दवाखान्यात सोबत येतो.

नमो बुद्धाय, जयभीम.