गवताचा भाव कोण ठरवतो?
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)



गवतकापणीला अजून पाच महिने आहेत, मग आजच बैठक कशाला, असं काही जण विचारत होते. कारण भाव दसऱ्याला ठरत नाही, तो श्रावणातच ठरून गेलेला असतो. घरातलं भात संपतं. आपण शेठच्या ओट्यावर खावटी मागायला जातो. तो पायली मोजतो आणि बोलून ठेवतो, कापणीला माझ्याकडेच यायचं. पोरं उपाशी असताना मजुरी किती देणार हे कोण विचारतो? मग खळ्यावर दीडपट फेडायचं आणि कोयता त्याच्याच रानात चालवायचा, तोही त्याने सांगितलेल्या भावाने.

बारावीच्या पुस्तकात होतं की भाव मागणी आणि पुरवठा ठरवतात. खोटं नाही, पण अर्धंच आहे. दोघांमध्ये थांबू कोण शकतो, हे त्यात लिहिलं नव्हतं. ज्याला थांबता येतं तो भाव सांगतो, दुसरा ऐकतो.

आता गवत बघा. पाऊस गेला की ते पिकतं आणि थोड्याच आठवड्यांत कापावं लागतं. उशीर झाला तर वाळून त्याचा कस जातो. वणवा लागला तर सगळंच गेलं. म्हणजे त्या दिवसांत शेठला थांबता येत नाही. हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून तर तो आपल्याला श्रावणातच बांधून घेतो.

आपल्या आजोबांनी हे ओळखलं होतं. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही असं ठरलं. मग पाऊस संपल्यावर गवताचा संप. मागणी एकच, पाचशे रतल गवताला अडीच रुपये. एका पाड्याने नाही, डहाणू आणि उंबरगाव दोन्ही तालुक्यांनी कोयते खाली ठेवले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड धरून पाच माणसं गेली. तरी संप मोडला नाही आणि मालकांना तो भाव द्यावा लागला.

आपण एकसालीच्या जमिनीचे पट्टे मागतो तेही याच्यासाठीच. नागली-वरई स्वतःच्या घरात असली तर शेठच्या ओट्यावर जावं लागत नाही. रोजगार हमीचंही तसंच. १९७७ च्या कायद्याप्रमाणे अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायला लागतं. ते देतात की नाही ते वेगळं भांडण आहे, ते आपण करूच. पण जवळ बांधाचं काम चालू असलं की शेठची भाषा कशी मऊ होते, ते तुम्ही पाहिलं आहे.

आणि बायांचा दर वेगळा नको. भारा बाईने बांधला म्हणून हलका होत नाही.

मुकादम नेहमीप्रमाणे डोंगरापलीकडची माणसं आणील. ती आपलीच माणसं आहेत, त्यांच्याही घरी भात संपलेलं असतं. त्यांना शिव्या देऊ नका. पाऊस लागायच्या आत आपणच त्यांच्या पाड्यांवर जाऊ, एकच भाव ठरवू.

कोठीचं काल ठरलं आहे. पहिल्या पावसाआधी प्रत्येक घराने एक पायली नागली आणावी. ज्याच्याकडे नाही त्याने तसं सांगावं, लाजू नये. श्रावणात कोठी उघडेल तेव्हा पहिलं माप त्याच्याच घरी जाईल.