आद्याक्षरांमागची लेखिका

आपल्याकडे आद्याक्षरं म्हटली की बहुधा पुरुषच डोळ्यांसमोर येतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. लेखिका मात्र पूर्ण नावानं छापल्या जात. भागवतांच्या एकाच घरात पाहा, ते भा. रा. आणि त्या लीलावती. यात कुणाचा काही डाव होता असं नाही, तशी रीतच होती. पण अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कुमारवयीनांच्या काही पुस्तकांवर आद्याक्षरं आली ती ठरवून, आणि ती बायकांची होती.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात सूझन एलोईझ हिंटन नावाची मुलगी राहायची. शाळेत असतानाच, पंधराव्या वर्षी, तिनं कादंबरी लिहायला घेतली. गरीब वस्तीतली पोरं आणि बड्या घरची पोरं यांच्यातलं वैर, मारामाऱ्या, जिवाला जीव देणारी मैत्री, मरण. ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. प्रकाशकांना काळजी पडली की टोळ्यांतल्या मुलांची ही गोष्ट एका मुलीनं लिहिलीय हे कळलं, तर समीक्षक ती मनावर घेणार नाहीत. म्हणून मुखपृष्ठावर नाव आलं एस. ई. हिंटन. पुस्तक शाळाशाळांतून पोचलं, लाखो प्रती खपल्या. कुमारांसाठीची कादंबरी हा तिकडे वेगळा प्रकार म्हणून रुजला, त्याचं बरंचसं श्रेय या पुस्तकाला दिलं जातं.

तीस वर्षांनी लंडनमध्ये तेच घडलं. १९९७ साली जोअ‍ॅन रोलिंग यांचा पहिला ‘हॅरी पॉटर’ निघाला. बाईनं लिहिलेलं पुस्तक मुलगे घेणार नाहीत, अशी प्रकाशकांना धास्ती होती. आद्याक्षरं दोन हवीत, तर रोलिंगबाईंना मधलं नावच नव्हतं. त्यांनी आजीचं ‘कॅथलीन’ घेतलं आणि जे. के. झाल्या. म्हणजे बाई लपवायला घेतलेलं अक्षरही आजीचंच! पुढे लेखिका कोण हे जगाला कळलं. म्हणून मुलग्यांनी पुस्तक खाली ठेवलं का? पुढच्या भागांसाठी ते मध्यरात्री दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले.

त्यानंतर स्टेफनी मायर यांचं ‘ट्वायलाइट’ २००५ साली आलं, सुझन कॉलिन्स यांचं ‘द हंगर गेम्स’ २००८ साली. दोन्ही पूर्ण नावानं, आणि खप अफाट. मग बायकांचं सारं आलबेल झालं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. खप एक आणि मान दुसरा. अमेरिकेत कुमारकादंबरीसाठी २००० सालापासून प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो. पहिल्या दहा वर्षांत पाच पुरुषांना आणि पाच स्त्रियांना तो मिळाला. आकडा अगदी समसमान, पण या क्षेत्रात लिहिणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत हे लक्षात घेतलं, की तो तितका समसमान राहत नाही. निवडलेली पुस्तकं वाईट होती असं मात्र मी म्हणणार नाही.

जॉन ग्रीन हे मला आवडणारे लेखक. कर्करोग झालेल्या दोन मुलांची त्यांची कादंबरी ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ २०१२ साली गाजली, तेव्हा कुमारसाहित्यात वास्तव परत आणल्याचं श्रेय त्यांना देणारे लेख छापून आले. परत आणायला ते गेलं कुठे होतं? ज्यूडी ब्लूम यांनी १९७५ सालीच ‘फॉरेव्हर’ लिहिली होती. बलात्कारानंतर मुक्या झालेल्या मुलीची ‘स्पीक’ ही लॉरी हॅल्स अँडरसन यांची कादंबरी १९९९ सालची. बाईनं लिहिलं की ते ‘मुलींचं पुस्तक’, पुरुषानं लिहिलं की ते ‘साहित्य’.

मॉरीन जॉन्सन या लेखिकेनं २०१३ साली गंमत केली. प्रसिद्ध पुस्तकाचा लेखक बाई असता, किंवा लेखिका पुरुष असती, तर मुखपृष्ठ कसं दिसलं असतं ते काढून पाठवा, असं वाचकांना सांगितलं. एक-दोन दिवसांतच शेकडो चित्रं आली. पुरुषांच्या गंभीर कादंबऱ्यांवर फुलं, फिके रंग आणि पाठमोऱ्या मुली. तिच्याकडे आधीपासून मुलग्यांची पत्रं येत, की पुस्तक वाचायचंय, पण असं मुखपृष्ठ घेऊन चारचौघांत कसं बसायचं?

नुकसान लेखिकांचं होतं तसं या मुलग्यांचंही होतं. आपल्याकडे मुलगी ‘गोट्या’ वाचते, ताम्हनकरांचीच ‘चिंगी’ही वाचते. मुलाला ‘चिंगी’ देताना मात्र आपला हात थबकतो. मुलानं ती नाकारण्याआधी आपणच ती फळीवर परत ठेवलेली असते.

हिंटनबाईंनी पुढेही आद्याक्षरंच ठेवली. त्यांच्याआड खासगी आयुष्य निवांत जगता येतं, असं त्या सांगत आल्या. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या मुलामुलींनी ‘द आउटसायडर्स’वर चित्रपट काढा, असं पत्र फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पाठवलं होतं. त्यावर शंभराहून अधिक सह्या होत्या. १९८३ साली तो चित्रपट आला. त्यात एक नर्स क्षणभर दिसते, त्याच एस. ई. हिंटन.