खाडीपलीकडचा जिल्हा

पश्चिम रेल्वेच्या लोकलनं माहीम सोडलं की मिठी नदीचा पूल येतो. नाकाला रुमाल लावेपर्यंत वांद्रं येतं, आणि तेवढ्यात आपण जिल्हा बदललेला असतो! पाटी नाही, सीमेचा दगड नाही. बोरिवलीकराला विचारा, तो जिल्हा 'मुंबई' असंच सांगेल.

मुंबई उपनगर जिल्हा 1990 साली वेगळा झाला. मुख्यालय वांद्रे पूर्वेला, तालुके तीन: कुर्ला, अंधेरी, बोरिवली. नावात 'उपनगर' असलं, तरी 2011 च्या जनगणनेत इथं 93 लाखांहून अधिक माणसं होती. मुंबई शहर जिल्ह्यात जेमतेम 31 लाख. आता उपनगर कुणाला म्हणायचं?

इथं जिल्हा परिषद नाही. रस्ते, पाणी, कचरा महापालिकेकडे. जिल्हाधिकाऱ्यांकडे मुख्यतः जमीन-महसूल, निवडणुका आणि दाखले. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मालाडचा माणूस आजही 'तहसील' हा शब्द उच्चारतो. याच जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, कान्हेरीची लेणी आहेत, तुळशी नि विहार तलाव आहेत. आणि टॉवरांच्या सावलीत वेसावा, मढचे कोळीवाडे. तिथं अजून दारात बोंबील वाळतात.