पोराच्या व्हिसासाठी सही करण्याआधी

(शारजात सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण. ज्यांना ड्युटीमुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय पगाराचा नाही, पासपोर्टचाही नाही. विषय आहे आपल्या पोरांच्या परदेशी शिक्षणाचा. गेल्या काही महिन्यांत बरेच जण एकच गोष्ट विचारतात. "पोरगी बीएस्सी झाली, इंग्लंडला एमएस्सी करायचं म्हणते. कन्सल्टन्सीवाला म्हणतो सगळं करून देतो. सातबारा लागेल म्हणतो. काय करू?"

एक गोष्ट आधीच सांगतो. पोरांना पाठवू नका, असं सांगायला मी उभा नाही. आपण इथे ऊन खाल्लं ते पोरांनी पुढे जावं म्हणूनच. पण ज्या रस्त्याने आपण आलो, त्याच रस्त्याने त्यांना पाठवू नका. आठवा, आपल्यातल्या कितीजणांनी व्हिसासाठी एजंटला पैसे मोजले? पहिलं वर्ष-दीड वर्ष ते कर्ज फेडण्यातच गेलं. आता तोच खेळ पोरांच्या नावावर चालू आहे. फक्त आकडा मोठा आहे आणि ऑफिसला एसी आहे.

आणि एक फरक ध्यानात घ्या. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, त्याने किती पैसे घ्यायचे यालाही मर्यादा आहे. ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. ही मर्यादा पाळत नाहीत हा भाग वेगळा, पण निदान तक्रार करायला कायदा आहे. शिक्षणाच्या कन्सल्टन्सीला हा कायदा लागू नाही. वर, बऱ्याच परदेशी विद्यापीठांकडून या कन्सल्टन्सीवाल्यांना प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. म्हणजे तो तुमच्या पोरीला कुठलं कॉलेज सुचवतो, हे तिच्या मार्कांवर ठरतं की त्याच्या कमिशनवर, हे तुम्हीच विचारायचं.

आता हिशोब करू. वही असेल तर काढा.

समजा आपल्याला महिन्याला १,५०० दिरहम मिळतात. एक दिरहम २३ रुपये धरू. महिन्याचे झाले ३४,५००. वर्षाचे ४ लाख १४ हजार. हा सगळा पगार, जेवणखर्च न काढता.

इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एमएस्सीची फी १५ हजार पौंड धरू. याहून महाग कॉलेजं भरपूर आहेत. त्यावर राहण्याखाण्याचे पैसे बँकेत दाखवावे लागतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा: लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, लंडनमध्ये १,५२९, आणि ते नऊ महिन्यांचे. लंडनबाहेरचे झाले १०,५३९ पौंड. त्यावर सरकारी दवाखान्याचा अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या कोर्सचा व्हिसा वर्षाहून जास्त मुदतीचा असतो, म्हणून दीड वर्षाचा अधिभार आधीच भरावा लागतो, १,१६४ पौंड. सगळे मिळून २६,७०३. पौंड ११५ रुपये धरला तरी ३० लाखांच्या वर. व्हिसाची फी आणि विमानाचं तिकीट अजून धरलेलं नाही. आपला सात वर्षांचा सगळा पगार त्यात जातो.

"ग्रॅच्युइटी आहे ना," असं एक भाऊ परवा म्हणाला. चला, तीही मोजू. यूएईत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा. मूळ पगार, भत्ते धरून नाही. बेसिक १,००० असेल आणि दहा वर्षं झाली असतील तर २५५ दिवसांचे होतात ८,५०० दिरहम. रुपयात दोन लाखसुद्धा नाहीत. दहा वर्षांची फायनल सेटलमेंट एवढीच.

मग कर्ज. २० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं, तर शिक्षणाची आणि त्यानंतरची सवलतीची मिळून दोन वर्षं हप्ता नसतो. पण व्याज थांबत नाही. दोन वर्षांत चार लाखांच्या आसपास व्याज चढतं. मग दहा वर्षांसाठी हप्ता बसतो महिना ३२ ते ३३ हजार. आपला पगार किती म्हणालो? ३४,५००. पोरीला नोकरी लागली तर ती फेडेल, बरोबर. नाही लागली तर सहकर्जदार म्हणून सही कोणाची आहे? आपली. म्हणजे पन्नाशीत गावी जायचं ठरवलेला माणूस साठीपर्यंत इथेच.

यासाठी माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम बदला. कन्सल्टन्सीवाला कर्जापासून सुरुवात करतो, कारण कर्ज झालं की त्याचे पैसे सुटतात. आपण शिष्यवृत्तीपासून सुरुवात करायची, मग कमी फीचा देश बघायचा, मग बचत, आणि कर्ज सगळ्यात शेवटी.

हा क्रम नवा नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, आणि परत येऊन संस्थानाची नोकरी करायची अट. १९१७ साली ती मुदत संपली, तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० साली ते परत लंडनला गेले. मध्ये तीन वर्षं गेली, पण शिक्षण पूर्ण झालं. पोरगं एक वर्ष थांबून शिष्यवृत्तीचा अर्ज करत असेल तर त्याला "वर्ष वाया चाललं" म्हणू नका.

आता शिष्यवृत्त्या कोणत्या?

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. वर्षाला १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त-भटक्या जमातींसाठी, आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. मघाशी आपला वर्षाचा पगार ४ लाख १४ हजार निघाला, म्हणजे "बाप दुबईला आहे, तुम्हाला कुठे मिळणार" असं गावात कोणी म्हणालं तर ऐकू नका. घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र मोजा आणि मगच ठरवा. पण यादीत नाव लागलं म्हणजे पैसे आले असंही धरू नका. २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रं फक्त ४० जणांना मिळाली. म्हणून नोकरी सोडणं, तिकीट काढणं, हे लेखी पत्र हातात आल्यावरच.

महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. आदिवासी विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, अल्पसंख्याक विभाग यांच्या वेगळ्या आहेत. मराठा समाजासाठी सारथीची आहे. अटी दर वर्षी बदलतात, जाहिरात थोड्याच दिवसांची असते. म्हणून जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्तापासून तयार ठेवा. आपल्या पगाराचे कागद, बँकेचं स्टेटमेंट घरी पाठवून ठेवा. कागद अपुरा म्हणून अर्ज बाद होतो तेव्हा फार वाईट वाटतं.

जातीची अट नसलेल्याही आहेत. युरोपची इरॅस्मस मुंडस, ज्यात फी माफ आणि महिना १,४०० युरो. जर्मनीची डाड. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. या तिन्हींच्या अर्जाला एक पैसा लागत नाही. अर्ज भरून देतो म्हणून कोणी ५० हजार मागितले तर उठून या. आणि "पढो परदेश" ही अल्पसंख्याक मुलांच्या कर्जावर व्याज माफ करणारी योजना २०२२-२३ पासून बंद आहे. तिच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर कमी फीचा देश. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नाही, सेमिस्टरला थोडेफार शे-दीडशे ते साडेतीनशे युरो भरावे लागतात. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात. शंभर रुपयाने धरले तर १२ लाखांच्या आत. हे पैसे कोणाला द्यायचे नसतात. पोराच्याच खात्यात असतात आणि महिन्याला ९९२ युरो असे सुटतात. पण ते पहिल्या वर्षाचे, दुसऱ्या वर्षाची सोय परत दाखवावी लागते. इंग्लंडच्या तीस लाखांशी ही तुलना घरी करून बघा. कन्सल्टन्सीवाले जर्मनीचं नाव कमी घेतात, कारण फी नाही तिथे कमिशन कसलं?

आता फसवणुकीच्या चार गोष्टी. या नीट ऐका.

पहिली, "फंड आम्ही दाखवतो." इंग्लंडसाठी पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. ते पोराच्या नाहीतर आईबापाच्या नावाने चालतात. मग एजंट म्हणतो, महिनाभर पैसे टाकतो, टक्केवारी द्या. कधी बँकेचं पत्रच खोटं करून देतो. पकडलं गेलं तर दहा वर्षं इंग्लंडचा व्हिसा बंद होऊ शकतो. शिक्षा पोराला, एजंटला काही नाही. आणि न पकडता पोहोचलाच, तरी ते पैसे एजंटने काढून घेतलेले. पोरगं खाणार काय?

दुसरी, "पार्ट टाइममध्ये सगळं निघतं." सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. २०२५-२६ चं २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड. महिन्याला साधारण १,०५८ पौंड होतात. सरकारच म्हणतं राहायला १,१७१ लागतात. फी सोडा, खाणंसुद्धा पुरं निघत नाही. म्हणून पोरं रोखीने जादा तास करतात आणि मालक त्यांना अर्धा पगार देतो, कारण त्याला माहीत असतं की हा तक्रार करणार नाही. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? किमान वेतन विद्यार्थ्यालाही लागू आहे, पगाराची स्लिप मागायचा हक्क आहे. पोरांना जाण्याआधी हे आपणच शिकवायचं. आपल्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

तिसरी, "बायकोलाही नेता येतं, पुढे पीआर नक्की." १ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडला साध्या मास्टर्ससाठी जाणाऱ्याला जोडीदार नेता येत नाही. शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दीड वर्षाचा होणार आहे. नक्की असं तिथे काही नसतं.

चौथी, मुखत्यारपत्र. आपण इथे, जमीन तिथे. एजंट नाहीतर भाऊबंद म्हणतात, कॉन्सुलेटमधून जनरल मुखत्यारपत्र करून पाठव. करू नका. कोणत्या बँकेचं, किती रकमेचं, कोणत्या गटाची जमीन, एवढंच लिहिलेलं खास मुखत्यारपत्र करा. आणि कर्ज घ्यायचंच तर सरकारी बँकेतून. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून परदेशी शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज स्वतः करता येतो. साडेसात लाखांपर्यंत बँकांच्या नमुना योजनेत तारण लागत नाही. ओबीसी मुलांसाठी इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. गावातल्या सावकाराकडे जाऊ नका. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

शेवटचं. आपल्यात एक खोड आहे. आपण घरी खरा पगार सांगत नाही. गावाला वाटतं दुबईला पैशाचं झाड आहे, आणि पोरगी त्याच हिशोबाने कॉलेज निवडते. आज रात्री फोन लावाल तेव्हा तिला खरा आकडा सांगा. बेसिक किती, हातात किती, खर्च किती. मघाचा हिशोब तिच्याबरोबर बसून करा. शिकलेली पोर आहे, आपल्यापेक्षा चांगला करेल. कदाचित तीच म्हणेल, बाबा, एक वर्ष थांबते, शिष्यवृत्ती बघते. कदाचित म्हणेल जर्मनी. कर्जच घ्यायचं ठरलं तरी ते दोघांनी मिळून, आकडा माहीत असताना ठरवलेलं असेल.

मी सांगितलेले आकडे बदलत राहतात. सही करण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर पोरांकडून परत बघून घ्या. ज्यांच्याकडे कन्सल्टन्सीचं कोटेशन नाहीतर बँकेचं पत्र आहे, त्यांनी चहाच्या वेळी ते घेऊन या. आपण एकेक ओळ वाचू. सही नंतर.

आता तुमचे प्रश्न विचारा.