गिरिपुष्प: बांधावर हवं, टेकडीवर नको

माघ-फाल्गुनात पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलात, तर एकही पान नसलेल्या फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या दिसतील. हे गिरिपुष्प. कुणी त्याला उंदीरमारी म्हणतं, कुणी ग्लिरिसिडिया. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या झाडांवर सावली धरण्यासाठी ते लावत आले, म्हणून त्याला कोकोची आई म्हणतात. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतही ते सावलीसाठीच गेलं.

मग आपल्या अंगणात सावलीसाठी लावावं का? मी म्हणेन, नको. आपल्याकडे थंडी सरत आली की त्याची पानं गळतात आणि उन्हाचा कडाका सुरू होतो तेव्हा झाड उघडं असतं. सावलीच हवी असेल तर करंज लावा. त्याच कुळातला, आपल्याच मातीतला, आणि चैत्रात नव्या पालवीनं गच्च भरणारा.

गिरिपुष्पाची खरी जागा शेताचा बांध. हे शेंगवर्गीय झाड आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. पाला कोवळा, लवकर कुजणारा आणि नत्रानं भरलेला. कोकणात भाताच्या चारसूत्री लागवडीतलं एक सूत्र या पाल्याचंच आहे: गुंठ्याला सुमारे 30 किलो हिरवा पाला लावणीआधी खाचरात पसरायचा, चिखलात गाडायचा आणि कुजू द्यायचा. युरियाचा खर्च त्यानं कमी होतो, जमीनही भुसभुशीत राहते. गाई-शेळ्यांना हा पाला इतर चाऱ्यात मिसळून थोडा थोडा देता येतो. वास उग्र असल्यानं त्या आधी नाक मुरडतात. घोड्याला मात्र तो विषारी आहे, अजिबात देऊ नका.

लावणं अगदी सोपं. मृगाचा पाऊस लागला की पक्व फांदीचे, अंगठ्याहून जाड खुंट तिरके कापून बांधावर रोवायचे. रुजतात. पण खुंटापासून वाढलेल्या झाडाची मुळं उथळ राहतात, मोठं झाल्यावर ते वाऱ्यात कोसळू शकतं. बी लावलं तर मूळ खोल जातं. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत टोकलं की पुरे.

इतक्या सहज वाढणाऱ्या झाडाला आवर कसा घालायचा, हे लावण्याआधीच ठरवायला हवं. याच्या शेंगा कडक उन्हात वाळून तडकतात आणि पीळ खाऊन बिया दूर भिरकावतात. एका झाडाभोवती काही वर्षांत गचपण माजतं. टेकड्यांवर नेमकं हेच झालं. लवकर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, उघडे डोंगर हिरवे दिसतात, म्हणून ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण पावसाळ्यात त्याच्या दाट सावलीखाली गवत टिकत नाही, आणि गवत गेलं की त्यात राहणारे चंडोल, तित्तर आणि असंख्य किडेही जातात. शिवाय आपल्या बऱ्याचशा टेकड्या मुळात उजाड नव्हत्याच, ती गवताळ रानं होती. तिथं कुसळी आणि पवन्या या गवतांचाच मान. झाडं हवीत तर ती पळस, सालई, मोई, धावडा अशी, विरळ. गवताला ऊन मिळू देणारी.

बांधावरच्या झाडाला आवर घालायला कोयता पुरतो. झाड वर्षाचं झालं की मांडी-कमरेच्या उंचीवर छाटा आणि वर्षातून दोन-तीन वेळा छाटत राहा. त्यातली एक छाटणी फुलोऱ्याच्या आधी झालीच पाहिजे. फूल नाही, तर शेंग नाही, आणि शेंग नाही तर बी नाही. खाचराला पाला मिळतो आणि रानाला उपद्रव होत नाही, दोन्ही एकाच घावात. ज्याला दरवर्षी छाटायला सवड नाही, त्यानं हे झाड लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओढ्याकाठी, गायरानात आणि जंगलाच्या कडेला तर कुणीच लावू नये.

आणि जिथं माजलंय तिथं? नुसतं तोडून भागत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. लहान रोपं पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट उपटा. मोठ्यांचे बुंधे खणून काढा, नाहीतर फुटवे येतील तसे खुडत राहा. आणि सगळी टेकडी एकदम मोकळी करू नका. उतारावरची माती वाहून जाईल. एकेक पट्टा मोकळा करा, तिथं गवत आणि देशी रोपं धरली की पुढचा घ्या.

तुमच्या बांधावर गिरिपुष्प असेल तर यंदा मार्गशीर्ष-पौषातच, कळ्या धरण्याआधी, कोयता लावा. यंदा चुकलंच आणि शेंगा धरल्या, तर त्या हिरव्या असतानाच उतरवून घ्या.